बिट्टीला कोण ओळखतं?

मित्रांनो, मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, आणि या घराचे सगळे मोठे निर्णय माझ्या साक्षीने झाले आहेत. मोठा निर्णय वर्षातून एखादाच होतो. उरलेले दिवस माझ्या मांडीवर इस्त्रीला जायचे कपडे असतात.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला विणलं. विणताना तो मला 'राणी' म्हणायचा. पुढे कळलं, तो सगळ्याच खुर्च्यांना राणी म्हणायचा. या घरात आले तेव्हा शेजारीपाजारी माझ्यावरून हात फिरवून कौतुक करत. मग सोफा आला आणि मी कोपऱ्यात गेले. तरी खास पाहुणा यायचा असला की कपडे उचलून पलंगावर टाकतात आणि मला पुढे ओढतात, कारण सोफ्याची स्प्रिंग टोचते.

यंदा या घरातल्या शेंडेफळाला, म्हणजे बिट्टीला, एका खासगी शाळेत जायचं होतं. तिच्या आताच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला कायम कुलूप. त्या खासगी शाळेत म्हणे मुलं स्वतःच्या हाताने काहीबाही करून बघतात. तेवढ्यासाठी ही पोरगी हाका न मारता उठायला लागली होती. अर्जासोबत एक शिफारसपत्र हवं होतं, मुलीला नीट ओळखणाऱ्या मोठ्या माणसाचं. बाबांनी त्यातलं 'मोठ्या माणसाचं' एवढंच वाचलं.

त्यांनी आपल्या कंपनीच्या डायरेक्टरसाहेबांना चहाला बोलावलं. पत्राचा मजकूर स्वतःच लिहून ठेवला. साहेबांनी फक्त सही करायची. साहेब माझ्यावर बसले. माझा वेत करकरला.

"'मी हिला लहानपणापासून ओळखतो,'" साहेबांनी वाचलं. "मुलगी आहे होय? मला वाटलं, मुलगा."

बिट्टी त्यांच्यासमोरच बशी घेऊन उभी होती.

"केस बारीक कापलेत ना, साहेब," बाबा म्हणाले.

"आणि हे काय? 'अपयश म्हणजे काय, हे तिला माहीतच नाही'?"

"शाळेनेच विचारलंय, साहेब. अपयशाचा एखादा प्रसंग लिहा म्हणून."

"मला माहितीये की," बिट्टी म्हणाली. "प्रकल्पासाठी केलेल्या माझ्या पंपाचं पाणी हेडबाईंच्या चपलांवर गेलं होतं. विज्ञानाच्या बाईंना विचारा."

साहेब हसले आणि त्यांनी पेन परत खिशाला लावलं. "मग त्या बाईंनाच गाठा. सही मी करीन हो, पण उद्या शाळेतून फोन आला तर हिचा पंप मी कुठून आणू?"

साहेब गेले. मग आईने तोंड उघडलं. "ज्या बाईंनी पन्नासपैकी एकोणतीस दिले, त्यांच्याकडेच शिफारस मागायची? प्रवेश नकोच आहे असं कळवून टाका, टपालखर्च वाचेल."

"पण त्यांनी मला बघितलंय, आई," बिट्टी म्हणाली. "साहेबांनी बशी बघितली."

बाबांनी विज्ञानाच्या बाईंना चहाला बोलावलं.

बाई आल्या, पिशवी मांडीवर घेऊन माझ्या अगदी कडेवर टेकल्या. बाबांनी तयार मजकूर हळूच पुढे सरकवला. बाईंनी त्यावर कपबशी ठेवली.

"मार्क जरा कमी होते, म्हणून विचारायला संकोच वाटत होता," आई म्हणाली.

"मार्क पंपाला होते. तो गळतच होता. सगळे घरी गेल्यावर ही फरशी पुसून पुन्हा नळी जोडत बसली, त्याला मार्क द्यायची सोय नव्हती. ते आता लिहीन."

आई उठली, आत गेली आणि साहेबांसमोरही न आलेली चांगली बिस्किटं घेऊन आली.

मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ वजनदार माणसं बसून गेली. त्यांचं वजन मला बरोबर कळतं. पण त्यातलं कोण कुणाला ओळखतं, हे वजनावरून सांगता येत नाही. कधी कुणाकडून तुमच्याबद्दल दोन शब्द लिहून घ्यायचे असतील, तर ज्याने तुम्हाला फरशी पुसताना पाहिलंय त्याच्याकडे जा. आणि घरात वेताची खुर्ची असेल तर तिच्यावरून अधूनमधून ओलं फडकं फिरवा. वेत कोरडा पडला की तुटतो.

बिट्टीला प्रवेश मिळाला. पहिल्याच आठवड्यात तिने तिथल्या प्रयोगशाळेतही पाणी सांडलं आणि कुणी कुलूप लावलं नाही. बाईंच्या पत्राचं पाकीट मात्र शाळेने फोडलंच नाही. बाबा फी भरायला गेले तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, यंदा जागांपेक्षा अर्जच कमी आले होते.