निळ्या चौकड्यांचा खिसा

"अंगावरची गोधडी ओढू नका, ताई, झोपू दे तिला," चष्मेवाली कुजबुजली खरी, पण तिची नजर गोधडीवरून हलेना.

पोरीनं झोपेतही मूठ गोधडीवरच्या खिशात खुपसली होती. निळ्या चौकड्यांचा खिसा. बापाच्या जुन्या शर्टाचा. शर्ट उसवताना पोरीच्या आईनं, घरातल्या धाकट्या सुनेनं, तो तसाच ठेवला होता. आळसानं म्हणा, नाहीतर मुद्दाम.

चष्मेवाली कॉलेजची. दर शनिवारी दोघीतिघी मैत्रिणींना घेऊन गावात यायची, बायकांच्या गटाच्या गोधड्यांचे फोटो काढून फोनवर टाकायची, गिऱ्हाइकं शोधायची. आजवर कौतुक पुष्कळ झालं होतं, मागणी एकही नव्हती. आता आली, तर ती पोरीच्या गोधडीला.

"चुकलंच माझं, हिचाही फोटो टाकला. विकायची नाही हे मला कळायला हवं होतं," चष्मेवाली म्हणाली. "पण दुकानवाल्या बाईंना फोटोत होती तशीच हवीय. नमुना पसंत पडला तर पुढचं काम सगळ्या गटाला देतील. परीक्षेनंतर आमचं येणं बंद होईल, ताई. त्याआधी एवढं जमलं असतं तर..."

"घ्या!" दारात उभी थोरली जाऊ म्हणाली. "आम्ही डोळे फोडून टाके घातले ते पडले बाजूला, अन् नाव काढलं पोरीच्या शी-शूच्या पांघरुणानं!"

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, पण ते हसू ओठांवरच विरलं.

"तशीच दुसरी शिव की. आण नवं कापड."

"नवं धुतलं की आटतं, जाऊबाई. जुन्याला चुण्या पाडतं."

थोरलीला हे ठाऊक होतं. बोलायचं म्हणून बोलली. एकाच ताग्यातून दोन शर्ट शिवले होते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा समोर खुंटीवर होता. तिकडे कुणी पाहिलं नाही.

पोरगी पोटात असताना तिचा बाप कामाला म्हणून दूर गेला. आधी रोज फोन यायचा, मग सणासुदीला, मग नंबरच बंद. सासू मात्र दर आठवड्याला तो शर्ट धुऊन इस्त्री करायची. 'आल्या आल्या काय घालेल?'

चष्मेवाली गेली आणि धाकटीच्या जिवाला थारा उरला नाही. दोरा ओवला, गाठ बसली, तोडला. दारापर्यंत गेली, परत आली. उगाच तो बंद नंबर लावून पाहिला. द्यावी का पोरीचीच? सगळ्या बायकांचं काम आपल्यापायी अडायचं! तिनं हळूच गोधडी सरकवली, मऊ शाल घातली. पोरीचा हात छातीवर चाचपू लागला. इकडे नाही, तिकडे नाही. मग तिनं असा टाहो फोडला की शेजारीण डोकावून गेली.

"दे तिची तिला," सासू आतून म्हणाली.

संध्याकाळी सासूनं नेहमीसारखी इस्त्री तापवली. शर्ट खुंटीवरून काढला. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी खिसा. घडी घातली. खुंटीकडे मात्र गेलीच नाही. शर्ट धाकटीच्या मांडीवर टाकला.

"घे."

"आई, अहो, ते आले तर..."

"आला तर बसेल दोन दिवस उघडा. मरत नाही." सासूनं तोंड फिरवलं. दारापाशी जाऊन थबकली. "खिसा फाडू नको, सावकाश उसव. आणि बटणं काढून ठेव."

पुढच्या शनिवारी चष्मेवाली आली तेव्हा गोधडी तयार होती. तिनं खिशावरून हात फिरवला, मग तिचं लक्ष रिकाम्या खुंटीकडे गेलं. काहीतरी विचारणार होती, पण धाकटीकडे पाहून तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"थांब गं बाई. अशी चुरगळलेली नेतेस?"

सासूनं इस्त्री आणली. गोधडी पसरली. तिचा हात सवयीनं वरच्या कडेकडे गेला, जिथं कॉलर असते तिथं. क्षणभर तिथंच राहिला.

मग तिनं खिसा सारखा केला, आणि त्यावरून इस्त्री फिरवली.