निवड झाली नाही तरी कळवावे

रविवारी दुपारी जेवताना बळवंतरावांना हसू आवरत नव्हतं. हल्लीच्या पोरांच्या अपेक्षा म्हणजे काय सांगाव्यात! केंद्र सरकारच्या एका खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ आता गाझियाबादच्या एका पंख्यांच्या कारखान्यात नोकरभरती बघत होता, आणि आठवडाभर घेतलेल्या मुलाखतींचे किस्से बायकोला ऐकवत होता. एकाला म्हणे सुटायची वेळ आधीच ठरवून हवी होती. दुसऱ्याला काम शिकवायला कोणीतरी वरिष्ठ हवा होता. आणि शुक्रवारी आलेल्या एका मुलीने तर कमालच केली. अर्जात ‘आमच्याकडून अपेक्षा’ असा रकाना असतो, तिथे तिने लिहिलं होतं, ‘निवड झाली नाही तरी कळवावे.’

“नोकरीचा पत्ता नाही, आणि आत्तापासून आम्हालाच कामं सांगते,” ते म्हणाले. त्या मुलीच्या अर्जावर त्यांनी त्याच दिवशी ‘अपेक्षा फार’ असा शेरा मारून तो खणात टाकला होता.

सुमित्राबाई हसल्या नाहीत. “जास्तीचं काय मागितलं तिने? खात्यात असताना तुम्ही साध्या अर्जाचीसुद्धा पोच धाडल्याशिवाय घरी येत नव्हतात. माझा स्वयंपाक गार व्हायचा.”

“ते सरकार होतं. इथे कोणी कळवत नाही. ज्याचं त्याला समजतं.”

“कसं समजतं? आपण गप्प बसलो की समोरच्याला नकार कळत नाही हो. तो वाट बघत बसतो.”

बळवंतरावांनी ताक मागितलं आणि विषय संपवला. माणूस वाईट नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. खात्यात त्यांना मागून ‘पोचसाहेब’ म्हणायचे, आणि त्यांना ते मनातून आवडायचं. पण कारखान्यात पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाताखालच्या इंद्रजितने विचारलं होतं, “सर, रिजेक्टेड को कौन लिखता है?” आणि साहेबांनाही ते सोयीचं वाटलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय!

महिना उलटला. सुमित्राबाईंच्या महाराष्ट्र मंडळातल्या द्वारकाबाईंच्या सासूबाई गावी वारल्या होत्या. यजमान सैन्यात सुभेदार, राहायला दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये. दिवसकार्य उरकून ती मंडळी परतली, तेव्हा सुमित्राबाई भेटायला निघाल्या आणि नवऱ्यालाही सोबत घेऊन गेल्या.

दार एका मुलीने उघडलं. बळवंतरावांना चेहरा ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. तिला मात्र लगेच आठवलं. “नमस्कार सर,” म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

द्वारकाबाई बोलत होत्या. सासूबाईंनीच लेकीला, शिवांजलीला, लहानाचं मोठं केलं. बदल्यांच्या धावपळीत पोर पहिली आठ वर्षं साताऱ्याकडे आजीजवळच होती. आजी अंथरुणाला खिळल्याचा फोन आला, तेव्हा तिघांचीही तिकिटं काढली होती. पण शिवांजली म्हणाली, परवाच मुलाखत झालीये, कधीही बोलावतील, तुम्ही पुढे व्हा. आठवडा झाला तरी कारखान्यातून काही कळेना, म्हणून तिने दोनदा फोन केला. तिकडून ‘सर बिझी हैं, बता देंगे’ एवढंच उत्तर. आजी रोज विचारायची, माझी शिवा निघाली का? दहाव्या दिवशी पहाटे गेली. पोरीने शेवटचं दर्शन घेतलं ते मोबाइलवर.

बळवंतरावांच्या हातातला पेला तसाच राहिला. मुलाखत संपल्यावर दारापर्यंत जाऊन आपण काय म्हणालो होतो, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं. आठवडाभरात कळवू. निवड झाली तर दुसऱ्याच दिवशी रुजू व्हावं लागेल, तेव्हा दिल्ली सोडू नका. सगळ्यांनाच ते असं सांगायचे, सवयीने. पण सैनिकाच्या घरात वाढलेली पोर ती. थांबा म्हटल्यावर थांबली.

शिवांजली चहा घेऊन आली. कप पुढे ठेवत तिने हळूच विचारलं, “सर, एक विचारू? माझ्या अर्जाचं कधी ठरलं होतं?”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. अजून ठरलेलं नाही म्हटलं असतं, तर दोघंही सुटले असते. सुमित्राबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

“त्याच दिवशी,” बळवंतराव म्हणाले. “तू गेलीस आणि अर्ध्या तासात ठरलं. मी कळवलं नाही बाळ. माझी चूक.”

शिवांजलीने मान हलवली, रिकामा ट्रे उचलला आणि आत गेली. मग नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू राहिला. द्वारकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बळवंतरावांना वाटलं, पोर चार शब्द तोडून बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी त्यांनी खण उघडला. एक्केचाळीस अर्ज निघाले. इंद्रजितला त्यांनी शेजारी बसवलं आणि एकेकाला पत्र लिहिलं. निवड झाली नाही, उशिराबद्दल क्षमस्व, अमुक शिकलात तर पुढच्या वेळी जमेल. “आज रिजेक्टेड को मैं लिख रहा हूँ,” ते म्हणाले, “कल से तुम लिखोगे. उसी दिन.” शिवांजलीचं पत्र सर्वांत शेवटी लिहिलं, आणि ते मराठीत, स्वतःच्या हाताने. अर्जावरचा तो शेरा मात्र खोडला नाही. आपलं अक्षर आपल्याला रोज दिसलेलं बरं, म्हणून तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला.

चार दिवसांनी मोबाइलवर दोन ओळी आल्या. ‘सर, पत्र मिळालं. पोच देत आहे. शिवांजली.’

एवढंच. रागाचा शब्द नाही, आणि माफीचाही नाही. पोचसाहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि ऑफिसातल्या सगळ्यांसमोर ते रडले.

मंडळी, आपल्यातही कोणी मालक असेल, कोणी साहेब, कोणी नुसता अर्ज घेणारा. दाराशी आलेल्या प्रत्येक पोराला नोकरी देणं आपल्या हातात नसतं. पण ‘नाही’ म्हणणं तर असतं ना? तो नकार वेळेवर द्या. तो मिळाला असता, तर एक नात आजीजवळ पोहोचली असती.