कालवांच्या वासावर जगलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. आता रिकामी आहे, म्हणून निवांत बोलते.

फ्रान्समधल्या एका घरच्या द्राक्षमळ्यात माझा जन्म झाला. समुद्र तिथून जवळच. राबायला घरचीच माणसं: आजी, तिचे दोन मुलगे आणि सुना. कोणती वाइन कशाशी, हे त्या घरात पक्कं होतं. लाल वाइन भाजलेल्या बदकाशी, गोड वाइन फळांच्या पक्वान्नाशी. मी पांढरी, अंगाला किंचित खारट चव. माझी गाठ शिंपल्यातल्या कालवांशीच बांधलेली.

हॉटेलचं शिक्षण घेणारी नेत्रा त्या मळ्यात द्राक्षं तोडायला आली होती. निघताना आजीने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वडिलांसोबत पी. कालवं असतील तेव्हा."

अशी मी अंधेरीला, वेसाव्याच्या कोळीवाड्यात आले. नेत्राचे वडील दशरथ स्वतःच्या होडीवर मासेमारी करायचे. "फ्रान्सची हाय!" म्हणत त्यांनी मला अख्ख्या गल्लीत मिरवलं आणि शोकेसमध्ये उभं केलं. तिथे दुपारचं ऊन थेट तोंडावर यायचं.

"बाबा, आडवी ठेव ना तिला. नाहीतर आजच फोडूया," नेत्रा म्हणाली.

"गो पोरी, येवढ्या लांबून आणलीस ती अशीच प्यायची? तू आता जहाजावर नोकरीला चाललीस. परत आलीस की फोडू."

बाटली भरलेली आहे तोवर पोरगी परत येणारच, असं त्यांच्या मनाने घेतलं. रोज मला पुसायचे. दसऱ्याला होडीच्या इंजिनाला झेंडूचा हार घातला, तसा मलाही घातला. लाड म्हणाल तर भरपूर! पण खरं सांगू? मला रडू यायचं. नेत्राची आई पद्मजा कालवं कांदा-खोबऱ्यात परतायची आणि मी काचेमागे नुसता वास घेत उभी. उभ्याने माझं बूच सुकत चाललं होतं. देव करून बसवलेल्याला भूक लागली का, असं कोण विचारतंय!

तीन वर्षांनी नेत्रा आली. पद्मजाने कालवं केली, दशरथांनी नवा शर्ट घातला आणि स्टीलचे ग्लास मांडले. बूच काढताना त्याचा भुगा झाला. नेत्राने ग्लास नाकाशी नेला. जहाजावर अशी बिघडलेली बाटली ती पाहुण्यांसमोरून मुकाट्याने उचलत असे. इथे मात्र म्हणाली, "झकास झालीय, बाबा."

दशरथांनी घोट घेतला. "खोटं नको बोलू. आंबलीय ही. मी तर रोज पुसत होतो गो."

नेत्राने त्यांचा हात धरला. "ही ताजीच प्यायची असते, बाबा. मासळीसारखी."

ज्यांनी जन्मात शिळी मासळी घरात ठेवली नाही, ते दशरथ मान खाली घालून बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या वेळी आणलीस ना, तर बॅग टेकवायच्या आधी फोडायची."

नेत्रा रडता रडता हसली. मला मोरीत ओतलं आणि तिघं गरम कालवं खायला बसली.

मित्रांनो, आम्हाला जपायचं तर सावलीत आणि आडवं ठेवा. हार घालू नका. आणि आपली माणसं घरात आहेत, तेव्हाच आम्हाला उघडा.