चुकीची नावं

शहरात आता भोपळे कोरतात म्हणे. भोपळा काय, कोणीही कोरेल. सलगम कोरायला मनगटात जोर लागतो, आणि तो कन्सेप्टाच्या मनगटात भरपूर होता. दुपारपासून ती धाकट्या भावाच्या घरात ठाण मांडून बसली होती. एकेक सलगम पोखरायचा, त्याला वाकडं तोंड आणि बारीक डोळे काढायचे, आत मेणबत्ती रोवायची. असे सात झाले. खिडक्यांवर रानातल्या लाल फळांचे घोस टांगले, दारात पिवळी पानं अंथरली. भट्टीतून बेदाण्यांच्या पावाचा वास सुटला होता.

"बघ, कसं घर भरल्यासारखं वाटतंय!" ती भावजयीला म्हणाली.

डिम्फना कसनुसं हसली. ऑगस्टपासून तिला हे घर खायला उठत होतं. तिचा नवरा कॉलम खेकडे धरायला समुद्रात गेला, आणि चौथ्या दिवशी नुसती बोट सापडली. माणूस नाही.

"मागच्या दाराला दिवा नको हं," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? ही असली तोंडं मी कशाला कोरली मग? आजच्या संध्याकाळी मेलेले फिरतात, नको ते घरात शिरू नये म्हणूनच ना?"

"तुला नको असेल. मला हवंय."

सातवा सलगम कन्सेप्टाने तसाच ओट्यावर ठेवून दिला.

दिवेलागणीला सोंगाडी पोरं आली. चेहऱ्यावर मुखवटे, अंगात आईबापांचे उलटे घातलेले कोट. सोंगाने बोलायचं नाही, घरच्यांनी ओळखायचं, अशी इथली रीत. नाव बरोबर आलं की मुखवटा काढायचा, पाव घ्यायचा आणि चालू लागायचं. ओळखू येईपर्यंत मात्र सोंग घरात बसून राहतं, त्याला कोणी ऊठ म्हणत नाही.

"हे बूट तर डोनलच्या ऑर्लाचे! आणि तू रे फॅक्टना, खिदळतोस काय? खांदे हलतायत तुझे!" डिम्फनाने भराभर पाचही ओळखले. खूप दिवसांनी ती मोकळी हसली. पोरं पाव घेऊन दाराकडे वळली.

"अरे, तुमच्यातला एक राहिला की," कन्सेप्टा म्हणाली. शेकोटीजवळच्या खुर्चीत सहावा बसला होता.

"आम्ही पाचच आहोत, काकू," ऑर्ला म्हणाली. तिने खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि धाकट्याचा हात धरून सुसाट बाहेर पळाली.

तो मोठा होता, पुरुषाएवढा. गव्हाच्या काडाचा मुखवटा पार छातीपर्यंत आलेला. कोटातून पाणी गळत होतं आणि खोलीत समुद्रशेवाळाचा वास भरला होता. त्याने हात विस्तवापुढे धरले. डावा अंगठा दोरात सापडून चेपलेला, नख नसलेला.

"अगं बाई!" कन्सेप्टा ताडकन उठली. "डिम्फना, हा तर आपला..."

डिम्फनाने तिच्या तोंडावर हात दाबला. "नाव घेतलंस तर याद राख."

मग ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"फिंटन?"

काडाचं डोकं हललं. नाही.

"ब्रेंडन? म्हातारा लोर्कन?"

नाही. प्रत्येक नावाला तो आशेने पुढे झुकायचा आणि पुन्हा मागे टेकायचा. विस्तवाशी बसूनही त्याचे गुडघे थडथडत होते. खुर्चीखालचं पाणी पसरत चाललं होतं.

"सोड गं त्याला," कन्सेप्टा रडायला लागली. "किती गारठलाय बघ. त्याला जायचंय, डिम्फना. तुझ्या तोंडून नाव ऐकायला आलाय तो."

"कळतंय मला."

कळत होतंच. आपण त्याला छळतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती. पण तो घरात होता. हात पुढे केला तर लागेल इतका जवळ होता.

आठ वाजेपर्यंत गावातल्या सगळ्या पुरुषांची नावं संपली. डिम्फनाने विस्तवात आणखी एक लाकूड सारलं आणि पलीकडच्या बेटावरची सुरू केली.