चोंग-अता नावाचा ड्रायव्हर

बेगायिमने चौदा वर्षांत सासऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्यात विशेष काही नाही, आमच्या नारिनकडच्या, चीनच्या सीमेलगतच्या डोंगरात जुन्या वळणाच्या घरातली सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाही. अडचण होती ती त्या नावातच. सासऱ्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यात गेली, म्हणून त्याचं नाव ठेवलं टोक्तोसुन. म्हणजे ‘राहो, थांबो’. आणि नुसतं नाव टाळून भागत नाही, नावातला शब्दही टाळायचा. त्यामुळे बेगायिमला कुणाला ‘थांब’ म्हणायची सोय राहिली नव्हती.

मिनीबसवाला कुबात हे पुरतं ओळखून होता.

“कुबात, इथे चाकांना जरा विसावा दे रे.”

“विसावा म्हणजे नेमकं काय करू, वहिनी? एका शब्दात सांगा की.”

ती एका शब्दात सांगत नसे, आणि तो तिला पुढच्या कुरणावर नेऊन सोडी. चौदा वर्षांत ह्यापायी ती जेवढी चालली, तेवढ्यात एखादा पायी चीनला जाऊन चहाची किटली घेऊन परत आला असता. आणि ही बाई शाळेत मुलांना संगणक शिकवायची, राजधानीत शिकलेली, असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

आता सासऱ्याचं ऐका. गावाच्या डोक्यावर, हिमनदीच्या पायथ्याशी एक तळं आहे. एका उन्हाळ्यात त्याचा काठ फुटला आणि नऊ घरं माणसांसकट वाहून गेली. टोक्तोसुन तेव्हा पाणीचौकीवर इंजिनिअर होता. त्याने तळ्यात एक तरंगता डबा सोडला, तार ओढत खाली चौकीपर्यंत आणली, आणि कधीच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून एक हिरवं कार्ड शोधून संगणकात खोचलं. पाणी धोक्याच्या लाल रेघेवर गेलं की चौकीचा भोंगा वाजायचा. पण संगणकाला कार्डाची भाषा कुणीतरी समजावून द्यावी लागते. तशा समजावून देणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. टोक्तोसुनने तो लिहिला, सहाशे बारा ओळींचा, आणि जगभरचे लोक मिळून फुकट बांधतात त्या कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या साऱ्या कारभाराचा जो गाभा असतो त्यात, ई-टपालाने घालायला पाठवून दिला. त्यांनी घेतला. कार्डाला नाव नव्हतं, म्हणून त्याने स्वतःचंच दिलं.

गावात बातमी पसरली की टोक्तोसुनने परदेशी एक ड्रायव्हर पाठवलाय. कुबातने दोन वर्षं विचारलं, “मग त्याला पगार किती देतात?”

तेव्हापासून कर्नेल जिथे जिथे गेला तिथे तिथे टोक्तोसुन गेला. न्यूयॉर्कच्या बँकेत गेला, जपानच्या आगगाडीत गेला, कुणाच्या फ्रिजमध्येसुद्धा गेला म्हणतात. कुणालाच त्याचा उपयोग नव्हता, एका आमच्या तळ्याखेरीज.

ह्या वसंतात म्हाताऱ्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आणि जूनमध्ये त्याच्या संगणकावरच्या टपालपेटीत पत्र आलं. घरात ती पेटी उघडणारी बेगायिम एकटीच. नवरा येकातेरिनबुर्गला ट्रक चालवायचा, त्याला फक्त पेट्रोलचे भाव वाचता यायचे.

पत्र फिनलंडच्या आर्नो किवेला नावाच्या माणसाचं होतं. कर्नेलचा तो कोपरा त्याच्या ताब्यात. त्याने लिहिलं होतं, “तुमचा ड्रायव्हर जुन्या पद्धतीने बोलतो. ती पद्धत आम्ही बंद करतोय. कुणी नव्या पद्धतीवर आणून दिला आणि सांभाळायची जबाबदारी घेतली तर ठीक, नाहीतर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावा लागेल.”

राजधानीच्या कचेरीचा माणूस दर शरदात येऊन प्रत्येक चौकीवर नवी आवृत्ती चढवतो आणि वर्षभर तीच राहते, दुसरं काही चढवलं तर रात्रीतून आपोआप पुसलं जातं. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. म्हणजे ड्रायव्हर गेला की कार्ड आंधळं, कार्ड आंधळं की भोंगा मुका.

बेगायिमने तीन आठवड्यांत ठिगळ तयार केलं. पॅच म्हणतात त्याला, पण ठिगळच ते. एकेचाळीस ओळी. तळ्यावर चढून जाऊन तिने डबा हाताने वर उचलून पाहिला. खाली भोंगा वाजला आणि अर्धं गाव टेकडीवर पळालं. ठिगळ चोख होतं.

मग पत्र लिहायची वेळ आली, आणि विषयाच्या ओळीत पहिला शब्द लागतो ड्रायव्हरच्या नावाचा.

सासू कान्शायिम, जिला ती एने म्हणे, शेजारी कणकेचे तुकडे, बोरसोक, तळत होती. “लिहू नकोस हं,” ती कढईवरून नजर न हलवता म्हणाली. “चौदा वर्षं जपलंस. आता त्यांचा श्वास केसावर लोंबकळतोय, आणि तू नाव घेणार?”

“एने, घेत नाहीये. टंकणार आहे.”

“बोटं काय शेजारणीची आहेत?”

“ठिगळात ते नाव वीस वेळा आहे, एने. संगणक आपोआप घालतो.”

“संगणक कुणाची सून आहे?”

बेगायिमचा विश्वास नव्हता, पण आतल्या खोलीत म्हातारा घरघरत होता, आणि उद्या काही झालं तर आयुष्यभर एनेच्या डोळ्यांत काय पाहावं लागेल हे तिला दिसत होतं. तिने ओळीत लिहिलं ‘चोंग-अता’, म्हणजे मोठे बाबा. घरात ती त्याला तेच म्हणायची. आणि खाली, वडीलधाऱ्याच्या पुढे पहिला वाडगा सरकवावा इतक्या सहज हाताने, एक वाक्य जोडलं: “हे सारं काम चोंग-अतांचंच आहे, मी नुसता हात लावला.”

खरं तर एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी तिच्या होत्या. पण सून असं लिहिते का कुठे?

पहिलं उत्तर ठिगळं आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं आलं: जिथे टॅब हवा तिथे आठ स्पेस पडल्यात. तिने नीट करून पुन्हा पाठवलं. मग आर्नोचं आलं: “चोंग-अता नावाचा ड्रायव्हर आमच्याकडे नाही. नाव का बदलताय?”

तिने चालरीत समजावून लिहिली. तिथेच घोटाळा झाला. असली पत्रं एका सामायिक टपालयादीवर जातात, ती जगातले हजारो लोक वाचतात, आणि एकेचाळीस ओळी तपासायला ज्यांना सवड नव्हती त्यांना नावाबद्दल बोलायला भरपूर सवड निघाली. ब्राझीलच्या एकाने ही स्त्रियांची गुलामी आहे असं लिहिलं. कॅनडाच्या एकीने तुला काय कळतं म्हणून त्याला झापलं. पुण्याच्या एकाने आपल्या मावशीचा उखाणा इंग्रजीत करून टाकला, त्याचा अर्थ लावण्यात चार दिवस गेले. सत्तर पत्रं झाली. ठिगळाबद्दल त्यांत एकही नव्हतं.

शेवटी आर्नोने सगळ्यांना गप्प केलं. भला माणूस होता. “विषयाची ओळ मी स्वतः लिहितो. जबाबदारीच्या यादीत तुमचं नाव मीच घालतो. फक्त एक राहिलं. तुम्ही लिहिलंय की काम त्यांचं आहे. मग सहीची ओळ, म्हणजे काम माझंच अशी ग्वाही, त्यांची हवी. रविवारी ह्या आवृत्तीचं दार बंद होतं, त्याआधी पाठवा.”

ती गुरुवारची सकाळ होती. बेगायिमने लगेच उलट लिहिलं, “सगळ्या ओळी माझ्याच आहेत. ते आजारी आहेत, त्यांनी ह्याला हातही लावलेला नाही.”

“मागच्या महिन्यात तुम्ही लिहिलंत की सारं काम त्यांचंच,” आर्नोचं उत्तर आलं. “आज म्हणता सारं तुमचं. ह्यातलं खोटं कुठलं?”

“पहिलं. पण ते खोटं नव्हतं, अदब होती.”

“मला समजतं. पण सहीच्या ओळीखाली कायदा आहे. काम कुणाचं ह्याबद्दल शंका असेल तर मी ते घेऊ शकत नाही. आणि त्यांची सही दुसऱ्या कुणी केलेली चालत नाही. एक अक्षरसुद्धा नाही.”

तिने नवऱ्याला फोन लावला. ट्रकच्या घरघरीतून तो म्हणाला, “तूच टाक की सही. फिनलंडला काय कळतंय?”

“आणि मग मी खोटी सही केली म्हणून सगळंच फेकून दिलं तर?”

“मग एक माणूस पाठव तिकडे, समजावायला.”

“कुबातला पाठवते. तो कुठे थांब…” तिने जीभ चावली. “तो कुठे विसावा घेत नाही.”

शनिवारी दुपारी तिने म्हाताऱ्याला तक्क्याला टेकवून बसवलं आणि कीबोर्ड त्याच्या डाव्या हाताखाली ठेवला. एने भिंतीकडे तोंड करून बसली. नवऱ्याचं नाव लिहिताना पाहणंही तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

“अता, तुमची सही हवी. नुसतं नाव. नाहीतर ते तुमचा ड्रायव्हर काढून टाकणार. भोंगा बंद पडेल.”

म्हाताऱ्याला सगळं समजत होतं. आमच्या लिपीत त्याच्या नावाची अक्षरं आठ. त्याने एक बोट उचललं. पहिलं अक्षर पडायला इतका वेळ लागला की एनेचा चहा निवला. मग दुसरं, मग तिसरं. मग चौथं. पाचव्यावर बोट खाली उतरलं आणि तिथेच पडून राहिलं.

“अता, झालंच. अजून तीन अक्षरं.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, मग डोळे मिटले.

पडद्यावर होतं ‘टोक्तो’. म्हणजे थांब.

हे अर्धं नाव होतं की पुरता हुकूम? तिने विचारलं. पापणी हलली नाही. एनेने विचारलं, “काय लिहिलं?” बेगायिमला तो शब्द उच्चारता येईना. राहिलेली तीन अक्षरं म्हणजे काही नाव नव्हतं, ती तिने लिहिली असती तर एनेलाही आक्षेप नव्हता. पण एक अक्षरसुद्धा नाही, असं आर्नोने बजावलं होतं. घरच्या नियमातून सुटलेली तीन अक्षरं परक्यांच्या नियमात अडकून बसली. रविवारी सकाळी तिने म्हाताऱ्याचं बोट हातात धरून पाहिलं, म्हातारा घरघरत होता, पण बोट मऊ आणि गार होतं, त्याने कळ दाबवत नव्हती. तिने जे होतं ते तसंच पाठवलं आणि खाली खरं काय झालं ते लिहिलं.

संध्याकाळी उत्तर आलं. “पूर्ण नाव लागतं. मला फार वाईट वाटतंय. पुढच्या आवृत्तीच्या वेळी आपण नक्की पाहू.”

पुढची आवृत्ती हिवाळ्यात होती. कचेरीचा माणूस सप्टेंबरात येणार होता.

पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याच्या पेटीत शेवटचं पत्र पडलं. सहाशे बारा ओळी वजा, यादीतलं नाव वजा, खाली आर्नोची सही. बेगायिमने ते दोनदा वाचलं.

“काय आलंय?” एनेने विचारलं.

“त्यांनी चोंग-अतांचं नाव काढून टाकलं. आता कुठेच घेणार नाहीत.”

एनेने थोडा विचार केला. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. “कळलं म्हणायचं त्यांना. चांगल्या घरचे लोक दिसतात.”

बेगायिमने तिला समजावायचं तर कुठून सुरुवात करायची?

सप्टेंबरात कचेरीचा माणूस आला, नवी आवृत्ती चढवून कागदावर शिक्का मारला. “कार्ड दिसत नाहीये,” तो म्हणाला.

“जुनीच आवृत्ती असू द्या ना.”

“ताई, माझ्या हातात असतं तर मी हे काम केलं असतं का?” त्याने भोंग्याची तार गुंडाळून खिळ्याला टांगली, एनेच्या हातचे दोन वाडगे किमिझ, म्हणजे आंबवलेलं घोडीचं दूध, प्यायला आणि पुढच्या चौकीला गेला.

आता शाळा सुटली की बेगायिम वर जाते. तळ्यात रंगवलेला खांब आहे, तो वाचते, वहीत लिहिते. काल पाणी लाल रेघेच्या दोन बोटं खाली होतं आणि हिमनदीच्या पोटात काहीतरी खडखडत होतं. तिथे फोन लागत नाही. चढायला दोन तास, धावत उतरलं तर सव्वा. पाण्याला खाली पोचायला अकरा मिनिटं लागतात, चोंग-अतांनीच कधीतरी मोजून ठेवलेली. ती खांबाजवळच्या दगडावर बसली. खाली जावं तर पाण्यावर नजर राहणार नाही, इथे बसावं तर दिसलेलं कुणाला सांगता येणार नाही. अंधार पडायला लागला तेव्हा ती उठली, चार पावलं उतरली, मागे वळून पाहिलं, आणि परत येऊन बसली.