कोरडं मुंडासं

हैबतीला पोहता येत नव्हतं. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी सगळा जन्म गेला, तरी येत नव्हतं. हैबतीच्या हिशेबानं ही गोष्ट साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द हैबती आणि दुसरी त्याची म्हैस, हरणी. हरणी बोलणार नव्हती, आणि हैबती तर मेला असता पण बोलला नसता.

आता तुम्ही म्हणाल, मग हा माणूस गावात पोहणारा म्हणून गाजला कसा? तर त्याचं असं आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की वाडीसमोर मधोमध काळ्या खडकाचं एक बेट वर येतं. डोक्याला मार लागल्यावर टेंगूळ यावं तसं दिसतं, म्हणून वाडी त्याला टेंगूळच म्हणते. काठावरची जमीन करपून गेलेली असते, पण टेंगळाच्या कडेनं ओल्या गाळात हिरवं गवत तरारतं. म्हशींना त्याचा वास लागला की त्या पाण्यात शिरतात, आणि राखणारे त्यांची शेपटं धरून मागोमाग जातात. बाकीचे अर्ध्यात शेपूट सोडून हात मारायचे, डुबक्या घ्यायचे, एकमेकांचे पाय ओढायचे. हैबतीनं शेपूट कधी म्हणून सोडलं नाही.

"जनावर कामाला लागलंय आन् आपुन मजा मारायची? आपल्याला न्हाई जमत बाबा," असं तो वर तोंड करून म्हणायचा.

काठावरून दिसायचं ते एवढंच, की म्हशीमागं एक लाल मुंडासं पाण्यावरून डौलात चाललंय, आणि तेही कोरडं ठणठणीत. लोक म्हणायचे, "पवावं तर हैबतीनं! मुंडाशाला थेंब लागू देत न्हाई गडी." हैबती यावर 'व्हय' म्हणाला नाही, की 'न्हाई' म्हणाला नाही. नुसता मिशीवर हात फिरवायचा. वेल्ह्याकडून सोजराबाईचा बाप स्थळ बघायला आला, तेव्हा हेच मुंडासं त्याला पाण्यात दिसलं आणि म्हातारा तिथंच खूश झाला. असला वाघ जावई सोडायचा कशाला? झालं, लग्न ठरलं. आता ज्या मुंडाशावर बायको मिळाली, त्यातली हवा बायकोपुढं कशी काढणार? आज सांगू, उद्या सांगू करत हैबतीच्या मिशा पांढऱ्या झाल्या.

आणि मग धनश्रीचा फोन आला.

धनश्री म्हणजे हैबतीच्या लेकीची, मंगलची पोरगी. पुण्यात कंपनीत नोकरीला. गेल्या दिवाळीत ती मैत्रिणींबरोबर मालवणला गेली आणि तिथून एक नवंच खूळ डोक्यात घेऊन आली. डोळ्यांवर काच लावायची, तोंडात नळी धरायची, नळीचं टोक वर ठेवायचं आणि पाण्यावर पालथं पडून खालची दुनिया बघायची. स्नॉर्कलिंग म्हणतात त्याला.

"आबा, आपलं टेंगूळ म्हणजे ज्वालामुखीचा खडक आहे, माहितीये का? लोक पैसे खर्चून विमानानं जातात असल्या बेटांवर पोहायला. आपल्या दारात आहे! रविवारी येते. तुम्ही आणि मी, दोघंच जायचं पोहत."

"जाळाचा खडक व्हय त्यो?" हैबती म्हणाला. "मग कशाला त्याच्या वाटंला जायाचं?"

"अहो, कधीच थंड झालाय तो! लहानपणापासून ऐकतेय, आबा असे पोहतात आणि आबा तसे पोहतात. एकदा तरी बघू दे की."

फोन ठेवला तेव्हापासून हैबतीचं कशात लक्ष लागेना. जेवायला बसला की भाकरी हातात तशीच राहायची. अंथरुणावर पडला की कूस बदलून बदलून गोधडी गोळा व्हायची. गोठ्यात जाऊन तो उगाच हरणीचं शेपूट ओढून बघायचा, नीट आहे ना म्हणून. हरणी वैतागून पाय आपटायची. एक दिवस गुडघा धरून लंगडला. दुसऱ्या दिवशी लंगडायचं विसरला, आणि तिसऱ्या दिवशी लंगडला तो दुसऱ्याच पायानं.

"परवा ह्यो दुखत हुता न्हवं?" सोजराबाईनं विचारलं.

"दुखणं फिरतं, त्याला मी काय करू?" हैबती खेकसला. मग जरा वेळानं म्हणाला, "चिमाजीची व्हडी घिऊन गेलं तर? पोरगी शहरातली, दमंल बिचारी."

"मग सांगा की तिला, न्हाई जमायचं आता म्हनून. वय झालं म्हना."

"का न्हाई जमायचं? मला? तुझ्या बानं काय बघून दिली गं तुला?"

सोजराबाईनं चुलीतलं लाकूड तेवढं आत सारलं. हैबतीला वाटलं, हिला काही शंका आली की काय! तसा तिच्यावर त्याचा एक जुना राग होता. तो म्हशीमागं पाण्यात उतरला रे उतरला, की ही धुण्याचं गाठोडं घेऊन काठावर हजर. बाकीच्या बाया नळावर धुवायला लागल्या, तरी हिचं आपलं चालूच. 'तुला नेमकं माज्याच टायमाला धुनं सुचतं व्हय गं?' असं तो कितीदा तरी तिला बोलला होता. नवऱ्यावर पाळत ठेवायची म्हणजे काय!

रविवारी धनश्री आली. सोबत काच, नळी, आणि कमरेला दोरीनं बांधायचा एक केशरी फुगा.

"ह्यो कशाला?" हैबतीनं विचारलं.

"दमलं तर धरायला. खोल पाण्यात जाताना असावा, आबा. तुम्हालाही एक आणला असता, पण तुम्हाला काय करायचाय!"

"मला? हॅ!" हैबती असा हसला, की काठावर चिमाजी होडीला डांबर फासत होता तोही हसला. आतून मात्र त्याला त्या फुग्याला मिठी मारावीशी वाटत होती.

हरणी पाण्यात शिरली. हैबतीनं मुंडासं घट्ट केलं, शेपूट धरलं आणि मागोमाग उतरला. मागं न बघताही त्याला कळलं, की धुण्याचा आवाज सुरू झालाय. धप, धप, धप. सोजराबाई आली होती.

पहिल्यांदा सगळं झकास चाललं. हरणी नाक वर धरून सरळ निघाली होती, धनश्री बाजूनं हात मारत होती, आणि हैबतीचं मुंडासं नेहमीसारखं डौलात चाललं होतं. त्याला वाटलं, अरे, उगाच घाबरलो की आपण! एवढ्याशा गोष्टीसाठी आठवडाभर जीव टांगणीला लावला. तो धनश्रीला हाक मारून काही सांगणार, तर धनश्री कुठाय? पाण्यावर नुसती नळी. पोरगी पालथी पडली होती आणि तिचं तोंड पाण्याखाली होतं. काच लावलेलं तोंड, आणि तेही त्याच्याच बाजूला वळलेलं.

हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं लोकांनी त्याला पाण्यावरून बघितलं होतं. खालून बघणारं हे पहिलंच माणूस. आणि खाली काय होतं? वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबणारे दोन पाय! ना हलतायत, ना झुलतायत. पोरगीनं बघितलं. आता ती बाहेर जाऊन आजीला सांगणार. संपलं सगळं!

जिथं गप राहायचं, तिथंच माणसाला नको ते सुचतं. हैबतीनं पाय झाडायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच. बैल उधळल्यावर झाडतो तसे झाडले आणि त्यातली एक लाथ सणसणीत हरणीच्या मांडीवर बसली. हरणीला हे नवीन होतं. इतकी वर्षं मागं ओझं गुमान यायचं, आज ते लाथा घालायला लागलं. ती फुसफुसली, गर्रकन वळली आणि शेपटाला असा हिसका दिला, की ते हैबतीच्या मुठीतून सुटलं.

"धनू!" एवढंच तो म्हणाला. पुढचं पाण्यानं म्हटलं.

नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं हिरवा अंधार. हैबतीला वाटलं, गेलो. त्याही स्थितीत त्याला वाटलं की काठावरून सोजरा बघत असणार, तिला कळणार. मग काखेत हात घालून कुणीतरी वर ओढलं, आणि छातीखाली तो केशरी फुगा आला. हैबतीनं त्याला कवटाळलं.

"हलू नका आबा! नुसता धरून ठेवा. पाय सोडा... हां, तसेच. तसे छान जमतात तुम्हाला," धनश्री धापा टाकत म्हणाली.

टेंगूळ जवळच होतं. वारा पाणी ढकलत होता म्हणून ती त्याला वळसा घालून पलीकडच्या उताराला घेऊन गेली. काळा खडक उन्हानं तापला होता आणि त्याला जागोजाग भोकं होती. हैबती पालथा पडून खोकत राहिला. मुंडासं पाण्यानं निथळत होतं.

"आबा, मी मघापासूनच बघत होते तुमचे पाय."

"बघितलंस न्हवं? झालं तर मग." हैबती उठून बसला. "धनू, तुझ्या पाया पडतो, पर आजीला सांगू नको. बाकी सारा गाव हसू दे, मला काय बी वाटायचं न्हाई. पर तिला न्हाई. तिला ह्या मुंडाशावर दिलीया गं माज्या घरात."

धनश्रीला आधी हसू आलं होतं, ते गेलं. "नाही सांगत आबा. शप्पथ. पण आता परत कसं जायचं? हरणी कुठाय?"

हरणी! हैबती ताडकन उभा राहिला. गुडघ्याचं दुखणं वगैरे काही आठवलं नाही. वळलेली म्हैस कुठं जाणार? घरी. म्हणजे ती काठाला लागणार, एकटी, शेपटाला कुणी नाही. आणि काठावर कोण बसलंय? धुणं धुणारी त्याची बायको. ती काय समजेल?

तो हातापायावर खडकाच्या माथ्याकडं निघाला. सोललं, खरचटलं, पण थांबला नाही. माथ्यावर आल्यावर वाडीकडचा काठ दिसला. हरणी चिखलात उभी राहून अंग झटकत होती. चिमाजी डांबरानं काळा झालेला हात हलवून काहीतरी ओरडत होता, पण उपडी होडी त्याच्या एकट्यानं सुलटी होत नव्हती. धुण्याच्या दगडावर रंगीत गाठोडं होतं. सोजराबाई नव्हती.

"सोजरे!" हैबती ओरडला. वारा समोरून होता, हाक त्याच्याच तोंडावर परत आली. "अगं ए सोजरे! मी हाय! जिता हाय मी!"

मग त्याला ती दिसली. पाण्यात, काठापासून बरीच आत आली होती.

"धनू, ती बुडंल! अगं, बघतीस काय? उडी टाक, ती माज्यापायी..." मुंडाशाचा मान, सासऱ्याची पसंती, सगळं एका क्षणात मातीमोल झालं. सोजरा पाहिजे होती, बस्स. तो स्वतःच पुढं निघाला होता, धनश्रीनं त्याला मागून धरलं.

"आबा, थांबा. नीट बघा."

हैबतीनं बघितलं. सोजराबाई बुडत नव्हती. लुगड्याचा काचा मारून ती सरळ टेंगळाकडं येत होती. एक हात, मग दुसरा हात, मध्येच तोंड वळवून श्वास, पुन्हा हात. कुठं घाई नाही, कुठं धडपड नाही. गुंजवणी नदीच्या डोहात लहानपण गेलेल्या वेल्ह्याकडच्या पोरी पोहतात, तशी ती येत होती.

ती खडकाला लागली तेव्हा हैबती खाली पोचला होता. सोजराबाई वर आली, त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि त्याच्या पाठीत एक जोरदार धपका घातला. मग तिथंच मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

"मला वाटलं, गेला तुमी," ती म्हणाली. "रिकामी म्हस बघितली आन् तशीच आले पान्यात."

"आजी! तुला पोहता येतं?" धनश्रीला राहवेना. "कधी बोलली नाहीस!"

"ह्यास्नी येत न्हाई म्हटल्यावर, घरात कुनाला तरी याया नको व्हय गं?"

हैबतीनं धनश्रीकडं बघितलं. धनश्रीनं मान हलवली, मी नाही सांगितलं.

"तुला... कवापासनं ठावं हाय?"

"पयल्याच उन्हाळ्यात कळलं. पवून आल्याल्या मान्साचं मुंडासं कोरडं कसं ऱ्हाईल? माज्या बाला न्हाई कळलं, गावाला न्हाई कळलं. मला काय डोळं न्हाईत?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुते."

हैबतीनं समोरच्या काठाकडं बघितलं. दगडावरचं गाठोडं उन्हात रंगीत दिसत होतं. इतकी वर्षं तो त्या गाठोड्यावर चिडत आला होता.

"आन् त्ये धुनं?"

"कसलं धुनं? घरी धुतल्यालंच आनून परत धुवायची. लुगडी इरली माजी तुमच्यापायी."

हैबतीनं डोक्यावरचं ओलं मुंडासं सोडलं, पिळून काढलं आणि काळ्या खडकावर लांबच्या लांब वाळत घातलं.

"धनू," तो म्हणाला, "ती काच दे हिकडं. पाय कसं हालवायचं, तुज्या आजीचं बघतो जरा खालनं."