राजाला लागलेला हात

"आई, एवढ्याशानं काय होणार तुझं?" मुलीने ताटाकडे बघत विचारलं.

"पोट भरलं की डोकं पेंगतं. आज डोकं जागं हवंय."

"डोक्याचे लाड करतेस, त्याच्या निम्मे गुडघ्यांचे केले असतेस तर बरं झालं असतं."

"गुडघ्यांनी कोण बुद्धिबळ खेळतं?"

मुलगी हसली नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईने पटापुढे तासन्‌तास बसावं हा तिच्या मते निव्वळ हट्ट होता, आणि हट्ट करायला घरात नातवंडं होतीच. आईने कप दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं, पडदा ओढला आणि आडवी झाली.

नोकरीची सगळी वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजवर काढली होती. त्यामुळे बुद्धिबळाच्या क्लबात ती ऑपरेटरबाई झाली आणि पुढे नुसतीच बाई. संघाच्या पहिल्या पटावर ती इतकी वर्षं बसत होती की नवे लोक त्या खुर्चीला बाईंची खुर्ची म्हणत. तिथे प्रतिस्पर्धी संघाचा सगळ्यात तगडा खेळाडू समोर येतो आणि बहुतेक वेळा मार खावा लागतो. बाईंना तो मार प्यारा होता.

वय झाल्यावर खेळ टिकवायचा तर चोरासारखं वागावं लागतं, असं त्यांचं मत होतं. जिथे पहारा आहे तिथे जायचंच नाही. सुरुवातीच्या चालींची घोकंपट्टी त्यांनी तरुणांवर सोपवली. वजीर लवकर मारामारी करून पटावरून घालवायचा, म्हणजे अंगावर येणारी वादळं कमी होतात. सोप्या चालीवर वेळ घालवायचा नाही. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत एक डाव डोळे मिटून सोडवायचा, पट न मांडता. चहा उतू गेला तर डाव अवघड होता असं समजायचं. एवढ्या भांडवलावर त्यांनी निम्म्या वयाच्या लोकांच्या नाकी नऊ आणले होते.

हात मात्र ऐकेनासा झाला होता. उजवा हात थरथरायचा आणि प्यादं घरात ठेवताना शेजारच्या प्याद्याला धक्का लागायचा. मग समोरचा माणूस नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर बघायचा. बाईंना हे बाहेर बघणं फार झोंबायचं. "हात म्हातारा झालाय, मी नाही," असं त्या हसून सांगत, आणि ते खरंही होतं.

आजचा डाव दुसऱ्या पटावरच्या डॉक्टरांशी होता. डॉक्टर दातांचे. पन्नाशीच्या आतले, वागायला गोड, आणि गेली दोन वर्षं बाईंच्या पाठोपाठ. पुढच्या आठवड्यात सामने सुरू होत होते. आज जो जिंकेल तो पहिल्या पटावर बसणार, असं सेक्रेटरींनी ठरवलं होतं. सेक्रेटरीच पंच होते. एके काळी ते शाळेत कवायत शिकवत, त्यामुळे "डाव सुरू करा" हेसुद्धा ते "सावधान" म्हटल्यासारखं म्हणत.

डॉक्टर घरून तयारी करून आले होते. बाईंनी ती तयारी सहाव्या चालीलाच एका आडवाटेला नेऊन सोडली. वजीर गेले, घोडे गेले, उंट गेले. संध्याकाळच्या सुमाराला पटावर दोघांचे राजे, एकेक हत्ती आणि एकेक प्यादं उरलं. डॉक्टरांचं प्यादं अजून मागेच होतं. बाईंचं वजीर व्हायला दोन घरं बाकी होती. डॉक्टर खुर्चीत पुढे-मागे होऊ लागले. बघ्यांपैकी कोणीतरी घसा खाकरला. डाव बाईंच्या खिशात होता.

बाईंनी हात पुढे केला आणि दोन बोटं राजावर टेकली.

टेकली आणि त्यांना दिसलं. आधी हत्ती मध्ये घालून राजाला आडोसा करायचा होता, मग राजा पुढे. असे शेवट त्यांनी कितीतरी लोकांना शिकवले होते. आता राजा हलला की डॉक्टरांचा हत्ती शह देणार, आणि पुढच्याच चालीत प्यादं घेणार. एक्सचेंजवर नवी मुलगी कोण बोलतंय हे न विचारताच फोन जोडून टाकायची, तसं झालं होतं. हात आपोआप मागे आला.

ज्या मोहऱ्याला हात लावला तो चालवायचा, हा नियम. सेक्रेटरी जवळ आले. "काय झालं?"

"काही नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. "बाईंचा हात लागला राजाला. चुकून."

"चुकून लागला असेल तर हरकत नाही. नियमात बसतं. बाई, चुकूनच ना?"

एक हो म्हटलं की झालं. हत्ती उचलायचा, डाव जिंकायचा, खुर्ची आपली. कोणाला संशयही येणार नव्हता, कारण हात तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर थरथरत होता.

"चालवा हो तुम्ही हत्ती," डॉक्टर हळूच म्हणाले. "मला दिसलं ना. हाताचं काय एवढं."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. घाबरलेल्या पेशंटला ते असंच म्हणत असणार. बाईंना त्या आवाजाची भीती वाटली, हरण्यापेक्षा जास्त. आज हाताला माफी घेतली तर उद्या हे लोक डोक्यालाही देतील, आणि ती दिलेली आपल्याला कळणारही नाही.

"हात बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मला राजाच चालवायचा होता. डोकं चुकलं."

सेक्रेटरींनी डॉक्टरांकडे पाहिलं. हे वाक्य आपल्याला एवढं जड जाईल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी राजा उचलला, पुढच्या घरात ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

डॉक्टर बराच वेळ पटाकडे बघत बसले. त्यांना चाल सापडली नव्हती असं नाही.

"खेळा," बाई म्हणाल्या. "वेळ जातोय तुमचा."

डॉक्टरांनी हत्तीने शह दिला. राजा बाजूला झाला, प्यादं गेलं. उरलेल्या चाली दोघांनाही पाठ होत्या, तरी बाई त्या नेटाने खेळल्या. डॉक्टरांचं प्यादं शेवटच्या घराशी पोहोचल्यावर बाईंनी घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

डॉक्टरांनी तो थरथरता हात दोन्ही हातांत धरला, वडीलधाऱ्यांचा धरतात तसा.

"एकाच हातानं, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी डावा हात काढून घेतला.